हरलेल्याचा वाटा

महाराष्ट्र केसरी जिंकलेल्या पैलवानाला लोक खांद्यावर घेतात. ७ जानेवारी २०२० ला बालेवाडीत उलटं झालं. जिंकलेल्या हर्षवर्धन सदगीरनेच हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर घेतलं. कुस्ती ३-२ अशी सुटली होती, म्हणजे एका गुणाचा फरक. एक अकोले तालुक्यातला, नाशिककडून उतरलेला, दुसरा लातूरचा. गादी विभागातून हर्षवर्धन आला होता, माती विभागातून शैलेश. दुसऱ्या दिवशी तो फोटो घरोघरी पोचला आणि त्याच्याखाली शब्द आले ते नेहमीचेच: खिलाडूवृत्ती, दिलदारपणा, मनाचा मोठेपणा.

मला ते शब्द तेव्हाही पटले नव्हते. दिलदार माणूस जे द्यायला बांधील नसतो ते देतो. हर्षवर्धन त्या संध्याकाळी देणं फेडत होता. ते दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे, पुण्यात एकाच तालमीत वाढलेले. ज्याला खांद्यावर घेतलं त्याच्याशिवाय आणि त्याच्यासारख्या आणखी चार-सहा जणांशिवाय त्या गदेपर्यंत पोचताच आलं नसतं, हे हर्षवर्धनला ठाऊक होतं. बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना तो मोठेपणा वाटला.

तालमीचा दिवस ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जोर-बैठका एकट्याला मारता येतात. पळणं, दोर चढणं, माती उकरणं हेही एकट्याचं काम. खुराकाला पैसे लागतात, ते बाप देतो, गाव देतं, कधी एखादा शौकीन देतो. पण संध्याकाळची लढत एकट्याने होत नाही. तिला समोर माणूस लागतो, आणि तोही कुणीही चालत नाही. वजनाला जवळचा हवा, अंगाने तयार हवा, आणि शक्यतो आपल्यापेक्षा बोटभर सरस हवा. पट कसा काढतात हे वस्ताद दाखवतो. पण आपल्यावर निघालेला पट कसा मोडायचा, हे कुणीतरी शंभर वेळा तो काढल्याशिवाय अंगात उतरत नाही. तुमचा डावा पाय नको तेव्हा पुढे येतो, ही गोष्ट आरसा सांगत नाही. जोडीदार सांगतो, आणि तोंडाने सांगतो असंही नाही. तो रोज संध्याकाळी त्याच पायाला हात घालतो आणि रोज तुम्हाला खाली घेतो. एक दिवस तो हात घालतो आणि पाय तिथे नसतो. तुमच्यातली एक खोट त्या दिवशी गेली, आणि ती घालवायला त्याने स्वतःचं अंग झिजवलं.

असे दोघे जेव्हा गदेसाठी समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्याकडे एकमेकांपासून लपवायला काही उरलेलं नसतं. ३-२ हा आकडा मला म्हणूनच बोलका वाटतो. दोन अनोळखी पैलवानांत एखादा डाव अचानक बसतो आणि कुस्ती मिनिटात निकाली होते. इथे प्रत्येक डावाचं उत्तर दोघांनी मिळूनच तयार केलेलं होतं.

आता आमच्याकडचा कुठलाही जुना शौकीन इथे मला थांबवील. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधे आमचं खुटबाव. उसाचा आणि गुऱ्हाळांचा हा मुलूख. इकडे दौंड, नदीपलीकडे शिरूर, दोन्हीकडे जत्रेला कुस्त्यांचा हगामा असतोच. या फडांत एकाच तालमीचे दोघे जोडीला लागले की कडेने आवाज उठतो, ‘नुरा आहे, सोडवा!’ आणि हा आवाज वेडगळ नसतो. दोघे एकाच गाडीतून आलेले असतात, इनाम वाटून घ्यायचं आधीच ठरलेलं असतं. चैत्रापासून पुढे हंगामात एकामागून एक आखाडे असतात. आज गुडघा दुखावला तर पुढचे सगळे गेले. मग पाच-दहा मिनिटं खडाखडी, थोडी ढकलाढकली, आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतात. लोकांनी भर उन्हात बसून वर्गणीच्या पैशातून बघितलेली ही फसवणूक असते. मैत्रीने कुस्ती नासते, असं म्हणणाऱ्या माणसाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला खिलाडूवृत्तीवरचं भाषण ऐकवून काही उपयोग नाही.

पण त्याला एक प्रश्न विचारता येतो. नुरा खेळणारे ते दोघे मित्र आहेत की भागीदार? भागीदार एकमेकांचं अंग वाचवतात, कारण अंग हे भांडवल आहे. तालमीतला जोडीदार अंग वाचवत बसला तर तो मित्राचा घात करतो. समजा त्याने संध्याकाळच्या लढतीत हात आखडता घेतला, घिस्सा अर्ध्या जोराने मारला. समोरच्याला वाटणार, आपल्याला घिस्सा बसत नाही. मग तो कुठल्यातरी परक्या मैदानात, परक्या पैलवानाकडून, हजारो लोकांसमोर तोंडघशी पडणार. म्हणूनच लढतीत ढिला पडणाऱ्यावर वस्ताद सगळ्यात जास्त चिडतो. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी सगळ्यात कडक लढायचं, हा तालमीचा कायदा. बाहेरच्या जगात मैत्री आणि स्पर्धा यांचं वैर धरलं जातं, कारण बाहेरच्या जगात मैत्री म्हणजे सांभाळून घेणं. हौद्यात सांभाळून घेणं हा अपराध ठरतो. बालेवाडीची कुस्ती नुरा नव्हती हे पाहणाऱ्या कुणालाही कळत होतं. आणि ती नुरा नव्हती म्हणूनच त्या खांद्यावर घेण्याला अर्थ आला. ढिली कुस्ती करून नंतर गळ्यात गळा घालणाऱ्यांचे फोटो आम्ही दर जत्रेत बघतो, त्यांचं कुणाला काही वाटत नाही.

हगाम्याच्या सुरुवातीच्या कुस्त्या पोरांच्या. पूर्वी नारळावर, रेवड्यांवर व्हायच्या. आता नोटांवर होतात. नांगरून, पाणी मारून मऊ केलेल्या रानात हलगी कडाडत असते. फेटा बांधलेले पंच एका पोराचं मनगट धरून त्याला फडाभोवती फिरवतात, ‘ह्याला जोड आहे का?’ गर्दीतून कुणीतरी एखाद्या पोराला पुढे ढकलतं. तो शर्ट काढून मित्राच्या हातात देतो. पंच दोघांचे दंड चाचपतात, उंची डोळ्यांनी मापतात आणि दोघांचेही हात वर धरून लोकांना दाखवतात. दोन मिनिटांत एक आभाळ बघतो. मग पंच एकाचाच हात वर करतात, तो पोरगा फडाभोवती फिरून नोटा गोळा करतो, आणि दुसरा पाठीची माती न झाडताच गर्दीत शर्ट शोधत असतो. सुरुवातीला दोन हात वर होते, शेवटी एकच उरतो. त्या दुसऱ्याशिवाय कुस्तीच झाली नसती, ही गोष्ट दोन मिनिटांत सगळं गाव विसरलेलं असतं. मोठ्या मैदानांत नुसती रक्कम वाढते, हिशेब हाच असतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेत ऐकतो तीही याच हिशेबाने सांगितलेली असते. गोळेश्वरचा एक जिद्दी तरुण, १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो एकटाच निघाला आणि एकटाच जिंकला, असं चित्र. खरी गोष्ट माणसांनी गजबजलेली आहे. प्रवासाला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजारांसाठी आपलं घर गहाण टाकलं. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. पदक घेऊन ते परत आले तेव्हा दीडशेच्या वर बैलगाड्या त्यांच्या स्वागताला होत्या, असं सांगतात. त्यानंतर खाशाबांनी जे केलं ते मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं. त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यातून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. ऑलिंपिक पदकविजेत्याचा पहिला मोठा कार्यक्रम म्हणजे कर्जफेड.

हेलसिंकीच्या मॅटवर काय झालं तेही या दृष्टीने बघा. जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी कुस्ती झाली आणि लगेचच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला त्यांना उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमधे विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला, आक्षेप घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं या कुस्तीबद्दल कायम सांगितलं गेलं आहे. इशीला सुवर्ण मिळालं, सोव्हिएत मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य. म्हणजे घर गहाण टाकणारा माणूस कोल्हापुरात होता, वर्गणी देणारे कराडात होते, पण मॅटशेजारी आपलं कुणी नव्हतं आणि तिथेच पदकाचा रंग बदलला. जे एकट्याच्या जिद्दीची गोष्ट म्हणून ही कथा पोरांना सांगतात, त्यांनी त्या रिकाम्या जागेबद्दलही कधीतरी सांगावं.

प्रेरणा या नावाखाली हल्ली जे चालतं त्याबद्दल माझी तक्रार हीच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला विजेता येतो, मेहनत करा, मोबाइल सोडा, मी केलं तर तुम्हीही कराल, असं सांगून जातो. पोरं टाळ्या वाजवतात आणि दोन दिवसांत विसरतात, कारण त्यात धरायला काही नसतं. पैलवान राहुल आवारेचं उदाहरण घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची संधी त्याच्या हातून गेली, त्या वेळी निवडीवरून बराच वाद झाला. दोन वर्षांनी गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोत सुवर्ण घेतलं आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना, हरिश्चंद्र बिराजदारांना वाहिलं. बिराजदार म्हणजे सत्पालला अस्मान दाखवणारे लातूरकडचे मल्ल. काका पवार हे त्यांचेच पठ्ठे, आणि बिराजदारांनंतर राहुल काका पवारांच्याच हाताखाली तयार झाला. सदगीर, शेळके, पुढे शिवराज राक्षे, महेंद्र गायकवाड, हे सगळे याच तालमीचे. एकाच्या पाठीवर दुसऱ्याचा हात, अशी ही साखळी आहे. राहुलच्या पदकातून पोरांनी काय घ्यायचं? मेहनत घ्यायची, हे तर खरंच. पण तालीम निवडायची, माणसं निवडायची, आणि निवड हुकली त्या वर्षी ज्यांनी तालीम सोडू दिली नाही त्यांना विसरायचं नाही, हे जास्त उपयोगी आहे.

प्रेक्षक म्हणून आपली दुसरीही एक खोड आहे. मैत्री नसेल तिथे आपण ती खेळाडूंवर लादतो, आणि आपला मूड बदलला की त्यांच्याकडूनच तिचा जाब मागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधे पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला टाकला, नीरज चोप्राला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळालं. नीरजची आई म्हणाली, सुवर्ण जिंकलेलं पोरही आमचंच. सगळा देश हळवा झाला. पुढच्या वर्षी पहलगामचा हल्ला झाला. बंगळुरूच्या स्पर्धेसाठी नीरजने नदीमला निमंत्रण दिलं होतं ते हल्ल्याच्या आधी, तरी त्याच लोकांनी नीरजच्या देशभक्तीवर शंका घेतली, त्याच्या आईलाही सोडलं नाही. मे महिन्यात दोहाला त्याने सांगून टाकलं की आमची फार जवळची मैत्री कधी नव्हतीच. कुणी आदराने बोललं तर मीही आदराने बोलतो, एवढंच. काहींना ते थंड वाटलं. मला प्रामाणिक वाटलं. भाला टाकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचा स्पर्शही होत नाही. वर्षातून चार वेळा मैदानावर भेटणाऱ्या माणसाचं देणं आणि रोज संध्याकाळी मानेला मान लावणाऱ्याचं देणं एक नसतं. नीरजने ते एक असल्याचं सोंग केलं नाही. त्याच दोहात त्याने ९०.२३ मीटर टाकला, नव्वदीची वेस पहिल्यांदा ओलांडली. पण आपल्याला चर्चा करायची होती ती दोस्तीचीच.

खेळ वेगळा असेल तर देणं फेडायची रीतही वेगळी असते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधे बांबूउडीत जपानचे शुहेई निशिदा आणि सुएओ ओए दोघेही ४.२५ मीटरवर थांबले. दुसरं कोण, तिसरं कोण, हे ठरवायला आणखी उड्या मारण्यात त्यांना रस नव्हता. शेवटी निशिदाच्या वाट्याला रौप्य आलं, ओएच्या वाट्याला कांस्य. मायदेशी आल्यावर दोघांनी पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं रौप्य, अर्धं कांस्य अशी जोडून ठेवली. कुस्तीत हे जमणार नाही. गदा कापता येत नाही, आणि पाठ एकाचीच लागते. तिथे खांदा हेच काय ते साधन.

आणि ते साधनही टिकेल याची खात्री नाही. फेब्रुवारी २०२५ मधे अहिल्यानगरला काय झालं ते आपण बघितलं. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत पाठ टेकली की नाही यावरून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड वाद घालून निघून गेला. गदा पृथ्वीराजला मिळाली, या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. हे तेच दोघे, ज्यांनी त्याच्या दोन वर्षं आधी कोथरूडला गदेची अंतिम कुस्ती आपसात केली होती. पंचांना लाथ मारणं अक्षम्य आहे, त्यात दुमत नको. पण संस्कार कमी पडले, असं म्हणून हात झटकायलाही मी तयार नाही. एका निकालावर काय काय टांगलेलं असतं ते बघा. जिंकणाऱ्याला गाडी, लाखांची रक्कम, आमदारांच्या हस्ते सत्कार. तीन वेळा गदा घेतलेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलिस उपअधीक्षक झाले, हे प्रत्येक तालमीतल्या पोराला पाठ आहे. शेतकऱ्याच्या घरातला पंचविशीतला मुलगा, ज्याच्या खुराकापायी बापाने रान गहाण ठेवलेलं असू शकतं, त्याचा खांदा मातीला लागला की नाही हे एका क्षणात कुणीतरी ठरवणार. सगळं एकालाच द्यायचं आणि वर पैलवानांकडून बंधुभावाची अपेक्षा करायची, हा आयोजकांचा भाबडेपणा नाही, सोय आहे. बालेवाडीचा फोटो त्यांना फुकटात मिळाला होता.

हेच गणित आमच्या गावच्या रस्त्यावर पहाटे रोज मांडलं जातं, फक्त तिथे लंगोट नसतो. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं अंधारात पळत असतात. मैदानी चाचणी पन्नास गुणांची: सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. मुलींना सोळाशेऐवजी आठशे. एक जण कडेला मोबाइलवर वेळ लावून उभा असतो आणि ओरडतो, ‘तीन सेकंद मागं हाय रं, रेट!’ जो पुढे असतो तो मागच्याला खेचतो. गोळा एकाचा असतो, टाकतात सगळे. आणि हे सगळे एकाच जिल्ह्याच्या एकाच यादीतल्या त्याच जागांसाठी अर्ज भरून बसलेले असतात. मागच्याला खेचून पुढे आणणं म्हणजे स्वतःचा गुणवत्ता क्रमांक मागे ढकलणं, हे त्यांना कळत नाही असं नाही. तरी ओरडतात, कारण एकट्याने पळलं की पाय आपोआप मंदावतात. यादी लागते, एक आत जातो, दुसरा गुणा-दोन गुणांनी बाहेर राहतो. चौकात फ्लेक्स लागतो, ‘गावचा अभिमान’. खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे, गॉगलसकट. पहाटे मोबाइल घेऊन ओरडणारा त्यात नसतो. तो पुन्हा रस्त्यावर असतो, पुढच्या भरतीसाठी, आणि यंदा त्याच्यासाठी ओरडणारं कुणी उरलेलं नसतं.

मित्रांनी एकमेकांना आठवणीत ठेवावं, एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही. ते ठेवतातच, आठवण नसते ती गावाला. आमच्या हगाम्यात निवेदक पैलवानाचं नाव घेतो, गाव सांगतो, वस्तादाचं नाव सांगतो, बापाचं सांगतो, इनाम लावणाऱ्याचं तर तीनदा सांगतो. ‘लढतीला जोड अमक्याची’ हे मी एकदाही ऐकलेलं नाही. ते सांगायला पैसे पडत नाहीत. मोठ्या कुस्तीच्या इनामातला एक हिस्सा हरलेल्याला काही ठिकाणी देतात, पण तो मेहेरबानी म्हणून, मूठ झाकून. तो आधीच जाहीर करावा, पत्रिकेत छापावा. कुस्ती निकाली झाली तरच तो मिळेल अशी अट घालावी, म्हणजे नुऱ्याचीही सोय राहणार नाही.

जोडीदार किती मोलाचा हे तपासायचं असेल तर ज्यांना तो मिळत नाही त्यांच्याकडे बघावं. २०२३ मधे सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली, आणि आमच्याकडच्या दोन-चार घरांत पोरींनी कुस्तीचं नाव काढलं. बाप तयार, आई कुरकुरत का होईना तयार, दूध घरचं. अडतं ते समोर कोण उभं राहणार इथे. गावात तिच्या वजनाची, लढणारी दुसरी मुलगी नसते. भावाशी, चुलतभावाशी काही दिवस लढत होते. मुलगी मोठी होते, भाऊबंद कुजबुजायला लागतात, आणि मग ती बैठका मारत बसते. वर्षभराने तेही थांबतं. यवत, केडगाव, वरवंड, पाटस इथल्या अशा चार-पाच मुली आठवड्यातून दोनदा एका मॅटवर आणायच्या तर एक गाडी, एक मॅट आणि सोबत जाणारी एखादी खमकी बाई, एवढंच लागतं. जत्रेच्या बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, पोरी जिंकून आणतील याची खात्री काय? डीजेची सुपारी देताना हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.